घरातलीच कोणीतरी

त्या दुपारी आईने मटार सोलायला घेतले होते. एकट्या बाईला असे कितीसे मटार लागतात? पण बाजारात हिरव्यागार शेंगा दिसल्या की तिचा हात राहायचा नाही. खिडकीजवळच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. आई शेंग कानाजवळ नेऊन दाबायची. टच् असा आवाज झाला की तिचं समाधान व्हायचं आणि मगच ती दाणे पातेल्यात ओतायची. बिनआवाजाची शेंग बाजूला टाकून द्यायची, आत दाणे असले तरी. ती टाकलेली शेंग मुलगी गुपचूप उचलून सोलायची. दोघींचं हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायच्या खटपटीत होतं आणि ती खोकून खोकून बंद पडत होती. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत येऊन थांबलं होतं. आणि मग शेंगेवरची नजर न उचलता आई म्हणाली, "तुझं बोट दारात सापडलं होतं, आठवतं का गं?"

मुलीचा हात थांबला.

"काय रडलीस तेव्हा! मी आपली वाटीत गार पाणी घेऊन बसले, त्यात तुझं बोट. गोष्ट सांगतेय, सांगतेय. गोष्ट संपली तरी तू बोट काढीनास. म्हणालीस, हे पाणी गरम झालं, दुसरं आण. आणि गोष्टसुद्धा दुसरी."

आई स्वतःशीच हसली. म्हातारपणाने तिची पाठ वाकवली, केस नेले, पण आवाजाला काही बोट लावलेलं नव्हतं. त्या आवाजात सांगितलेली कुठलीही गोष्ट खरी वाटायची, बसच्या वेळासुद्धा.

"ती मी नव्हे, आई," मुलगी म्हणाली. "ती छकुली."

"अं?"

"तुझ्या मालिकेतली. रेडिओवरची. बोट तिचं सापडलं होतं."

आईने मान वर केली. चष्मा नाकावर घसरलेला. भलत्याच घराची बेल वाजवली हे दार उघडल्यावर कळावं, तसा तिचा चेहरा झाला. "असं होय," ती म्हणाली आणि पुढची शेंग तिने कानाजवळ नेली.

निघताना तिने डबा पुढे केला. "मटार ने." "राहू दे, तुलाच लागतील." "मला काय करायचेत एवढे?" "मग एवढे आणतेस कशाला?" असं नेहमीचंच बोलणं झालं आणि डबा टेबलावर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या नर्सबाईंचा फोन आला. आई खुर्चीतच गेली होती, चहा पिता पिता. कप न सांडता बशीत ठेवलेला होता. "कळलंसुद्धा नसेल हो त्यांना," नर्सबाई म्हणाल्या. तेव्हा कळलं नसेल, हे ठीक आहे. पण आदल्या दुपारी? 'असं होय' म्हणताना आईला काय कळलं होतं? मुलीच्या डोक्यात बाकी सगळं सोडून तेवढंच ठाण मांडून बसलं. माणसं येत होती, जात होती, सह्या कुठे करायच्या ते दाखवत होती. ती सह्या करत होती आणि आतल्या आत तीच एक दुपार पुन्हा पुन्हा सोलून बघत होती.

ती एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. म्हणजे लेखकांनी लिहिलेलं छापायला जाण्याआधी डोळ्यांत तेल घालून वाचायचं आणि चुका काढायच्या. एका कादंबरीत नायकाची मावशी तिसऱ्या प्रकरणात वारली होती आणि नवव्या प्रकरणात लोणी कढवत बसली होती. हिने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाई आधी वारल्या आहेत.' ऑफिसात ते वाक्य कितीतरी दिवस थट्टेला पुरलं. लेखकाने मात्र मावशीला नवव्या प्रकरणातही जिवंतच ठेवलं, म्हणाला, असू द्या, मला तिथे ती हवी आहे. तेव्हा तिला त्या माणसाचा राग आला होता. एवढी पुस्तकं तिने वाचली होती, पण हवी आहे म्हणून एखादी गोष्ट असू द्यायची, हे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. आईने एक आठवण तिच्या पुढ्यात ठेवली आणि तिने चूक दुरुस्त करून ती साभार परत केली.

आणि परत केली ती कोणाला? छकुलीला.

आई रेडिओवर माई होती. रोज संध्याकाळी बातम्यांच्या आधी लागणाऱ्या कौटुंबिक मालिकेत एक माई होती, तिची एक मुलगी होती छकुली, आणि त्या दोघींचं एक घर होतं, जे कुठेच नव्हतं आणि शहरातल्या प्रत्येक घरात होतं. शिकवणीहून परत येताना मुलीला अख्खा रस्ता आईच्या आवाजातून चालावा लागे. एका खिडकीत वाक्य सुरू व्हायचं, पुढच्या खिडकीत संपायचं. "छकुले, दमलीस का गं," पहिल्या मजल्यावरून. "ये, अशी माझ्याजवळ ये," शिंप्याच्या दुकानातून. दप्तर पाठीवर घेतलेली पोर त्या आवाजाखालून जायची, आणि तो आवाज दर पावलाला दुसऱ्याच कुणाला तरी जवळ बोलावत असायचा. मग ती घरी पोचायची. भाग आधीच ध्वनिमुद्रित झालेला असायचा, त्यामुळे घरात आई असायची, गळ्याभोवती लोकरी पट्टी गुंडाळलेली, समोर मिठाच्या कोमट पाण्याचा पेला. तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं हा इतर घरांत वाक्प्रचार असेल, त्यांच्याकडे तो रोजचा कार्यक्रम होता. आवाज राखायचा असतो. हे वाक्य तिने लहानपणी इतकं ऐकलं होतं की आवाज म्हणजे डब्याच्या तळाशी उरलेली साखर, असंच तिला वाटायचं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. घरी आले की चपला काढायच्या आधी ते ओठांवर बोट ठेवून डोळ्यांनी विचारायचे, आज बोलायचं आहे की नाही? मुलीने मान हलवायची. बहुधा नाही अशीच. आई हाका मारत नसे. टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक करी, ती ऐकली की जवळ जायचं. दोनदा टकटक म्हणजे ताट घे. जोरात एकच म्हणजे पुरे.

शेजाऱ्यांची आणि त्यांची भिंत एक होती आणि शेजारी कानाने अधू होते, त्यामुळे रेडिओ मोठा. एका संध्याकाळी ती आणि आई अशाच समोरासमोर बसलेल्या, एक गृहपाठ करतेय, एक संहितेत पेन्सिलीने खुणा करतेय, आणि भिंतीतून आईच म्हणाली, "जेवलीस का गं बाळा?"

"नाही," मुलगी भिंतीकडे बघून म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. समोर बसलेल्या आईने पेन्सिल खाली ठेवली, काही न बोलता उठली, ताट वाढून आणलं आणि तिच्या वहीशेजारी ठेवलं. भिंतीतली आई तोवर छकुलीला घास भरवत होती. पुढे मोठेपणी तिने हा प्रसंग मनात कितीदा तरी उलटसुलट करून पाहिला. कुणी म्हणेल, आईने ऐकलं, उठली, वाढलं, अजून काय हवं? पण आई उठली ती भिंतीतल्या बाईने विचारलं म्हणून. तिने नसतं विचारलं तर?

आईला हे कधी कळलं असेल असं तिला वाटत नव्हतं. कळावं असं तिने काही केलंही नव्हतं. ती शहाणी मुलगी होती. हट्ट करत नसे, रडत नसे, आवाज करत नसे. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, पोर कशी अगदी नसल्यासारखी असते. ते कौतुक होतं.

एकदाच तिला रेडिओ केंद्रावर नेलं होतं, बाबा तापाने पडले होते म्हणून. जाड काचेच्या अलीकडे एका उंच स्टुलावर बसवलं आणि पाय हलवू नकोस म्हणून सांगितलं. काचेच्या पलीकडे गोधडीसारख्या भिंतींची खोली. कोपऱ्यात एका चौकटीत बसवलेलं एकुलतं एक दार, ज्याच्या पुढेही खोली नव्हती आणि मागेही नव्हती. पावलांचा आवाज काढायला हातात चपला घालून टेबलावर चालणारा एक टकलू माणूस. आणि मधे एका मायक्रोफोनच्या दोन बाजूंना आई आणि ती. ती म्हणजे छकुली. दोन वेण्या, फ्रॉकचा पट्टा सुटलेला, नाकातून बोट काढून ते फ्रॉकला पुसणारी एक सामान्य मुलगी. तिला पाहून हिला क्षणभर बरंच वाटलं. मग लाल दिवा लागला. आई वाकली, आणि हिने कधी न पाहिलेला एक चेहरा तिच्या चेहऱ्यात आला, पाण्यात दिवा दिसावा तसा. "वेडू गं माझी," आई म्हणाली आणि तिने स्वतःच्याच हाताच्या मागच्या बाजूला ओठ टेकून पापा घेतला. आवाज स्पष्ट आला. मायक्रोफोनच्या पलीकडे छकुलीने डोळे मिटले आणि मान थोडी आत ओढून घेतली, खरोखर कपाळावर काहीतरी ऊन-ऊन टेकल्यासारखी. दोघींच्या मधे हातभर अंतर होतं. पापा आईच्याच हातावर पडला होता. सगळं खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे शहराला कधी दिसणार नव्हतं, हिला दिसत होतं. त्याने काडीचाही फरक पडला नाही. दिवा विझल्यावर आईने हात रुमालाला पुसला. तो रुमालसुद्धा छकुलीने आणून दिला.

बोटाचा भाग त्यानंतरचा. मालिकेत छकुलीचं बोट दारात सापडलं. हिला ठाऊक होतं की टकलू माणसाने ते पुढे-मागे काही नसलेलं दार धाडकन लावलं असणार आणि बोट चिरडल्याच्या आवाजासाठी एक गाजर मोडलं असणार. पण शहराला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून केंद्रावर मलमाच्या डब्या यायला लागल्या. पट्ट्या आल्या. एका आजोबांनी, पुन्हा असं होऊ नये म्हणून, स्वतःच्या दाराचा रबरी तुकडा कापून पाठवला. त्यातल्या बऱ्याचशा डब्या आईने पिशवीतून घरी आणल्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या घरात दुसरं मलम आलंच नाही. मुलगी सायकलवरून पडली, विळीवर हात कापला, शाळेच्या बुटाने टाच सोलली, की बाबा ती डबी काढायचे. तिच्या ढोपरांवर छकुलीच्या बोटाचं मलम लागायचं. खपली धरायची, पण बरं वाटायचं नाही.

आणि एका दुपारी तिने आपलं बोट कपाटाच्या दारात घातलं. ती दुपार तिला लख्ख आठवते आणि इथेच सगळी गोची आहे. आठवतं ते असं. घरात कुणी नाही, म्हणजे आई आतल्या खोलीत पाठांतर करते आहे, म्हणजे नसल्यातच जमा. डाव्या हाताचं मधलं बोट बिजागरीच्या फटीत. उजव्या हाताने दार ओढलं. कळ थेट दातांत गेली. मग आई. आई धावत आली, वाटीत गार पाणी घेतलं, बोट बुडवलं, आणि म्हणाली... काय म्हणाली ते आठवत नाही, पण म्हणाली. बोलत होती. कितीतरी वेळ बोलत होती. आठवणीत खोलीभर तिचा आवाज आहे. आणि मुद्रितं तपासणारी बाई तिथेच पेन्सिल टेकवते. संध्याकाळी ध्वनिमुद्रण असलं की आई बोलत नसे. पाठांतरही ओठांतल्या ओठांत. या आठवणीत आई बोलते आहे, अर्थात ही आठवण रेडिओची आहे. ऐकलेली आहे. छकुलीची आहे. बोट घातलं असेल, पण ऐन वेळी धीर सुटला असेल, आणि पुढचं सगळं आपण मालिकेतून उसनं घेऊन जोडलं असेल. त्या बोटाचं नख किंचित वाकडं आहे. पण नखं कोणाची सरळ असतात? ऑफिसातल्या शिपायाचं नखही तिने एकदा निरखून पाहिलं, तेही वाकडंच होतं. असा निकाल तिने फार वर्षांपूर्वी लावून टाकला होता, आणि म्हणून त्या दुपारी मटारांच्या ढिगापलीकडून आईने विचारलं तेव्हा तिला विचारसुद्धा करावा लागला नाही. ती मी नव्हे.

आता आई गेल्यावर तोच निकाल उलटा फिरून अंगावर आला. आई मालिकेतलं विसरून तिला छकुली समजली होती? की छकुलीला दिलेलं सगळं आता इतक्या उशिरा, ताट पुढे सरकवावं तसं, तिला देत होती? की आईला खरंच आठवत होतं, आणि आठवणीत ती बोलत होती कारण त्या दिवशी ती, आवाज राखायचा सोडून, बोलली होती? तिन्हींपैकी काहीही असलं तरी उत्तर एकच द्यायला हवं होतं. हो, एवढंच. एवढा लहान शब्द तिच्याने निघाला नाही, कारण तिथे छकुली बसली होती. पन्नाशी उलटून गेली तरी ती मेली दोघींच्या मधे मायक्रोफोनसारखी उभीच.

भेटायला माणसं येऊ लागली तेव्हा छकुलीही आली. आता चांगली रुंद झालेली, केस रंगवलेले, बोटांत अंगठ्या. आवाज मात्र अजून त्या दोन वेण्यांतलाच. एवढ्या मोठ्या देहातून तो पोरीचा आवाज येताना ऐकला की दचकायला व्हायचं. ती आली आणि खोलीचं तोंडच तिच्याकडे वळलं. आलेल्या प्रत्येकाला ती ओळखू येत होती. निवृत्त बसचालक होते एक, छातीशी टोपी धरून उभे. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माई गेली, छकुले. पोरकी झालीस बघ." छकुली हमसून हमसून रडली. बसचालकही रडले. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या बाळंतपणात त्यांच्याजवळ आईसारखं कुणी नव्हतं, माईचा आवाज तेवढा होता. त्याही छकुलीच्याच गळ्यात पडल्या. मुलगी ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन फिरत होती. बसचालकांनी पेला घेतला, पाणी प्यायले, आणि पेला परत ठेवताना अदबीने विचारलं, "आपण कोण यांच्या?"

"घरातलीच," ती म्हणाली.

"बरं झालं कुणीतरी होतं जवळ."

हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. शाळेतही तिने कधी सांगितलं नव्हतं. एकदा एका मैत्रिणीला सांगितलं, तर ती टुणकन उडी मारून म्हणाली, "म्हणजे तू छकुली?" आणि नाही म्हटल्यावर तिचा चेहरा असा पडला, हिनेच काहीतरी फसवल्यासारखा. तेव्हापासून घरातलीच. स्वयंपाकघरात पेले विसळताना तिला बाहेरून छकुलीचा हुंदका ऐकू आला, आणि तिच्या मनात आलं, काय सुरेख रडते ही. कुठे श्वास घ्यायचा हे बरोबर माहीत आहे. तिला स्वतःला अजून रडू आलं नव्हतं. आलं असतं तरी लोकांनी म्हटलं असतं, घरातली दिसतेय कुणीतरी, जीव लावलेला असेल.

मग केंद्राने श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवला. जुन्या ध्वनिफितींतले तुकडे, आणि मधे छकुलीचे दोन शब्द. निर्माता हा तरुण, भला माणूस होता. त्याला कुठूनतरी कळलं होतं की माईंना घरची मुलगी आहे. "तुम्हीही दोन शब्द बोललात तर फार बरं होईल," तो फोनवर म्हणाला. 'तुम्हीही' म्हणाला. ती हो म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित ते उंच स्टूल अजून आहे का ते बघायचं असेल.

स्टूल नव्हतं. मार्गिकेत एक बाक होता आणि त्यावर छकुली कागदी कपातून चहा पीत बसली होती.

"ये गं, बस. ये इकडे, तिकडे पंखा गळतो. म्हणजे वारा नाही, तेल गळतं." तिने पर्स उचलून जागा केली. "तुलाही कागद दिलाय ना? बघू." वाचून ती फिस्सकन हसली. "'माई केवळ माझी आई नव्हती, ती तुम्हा सर्वांची आई होती.' अगं, माझंही असलंच आहे. एकाच माणसाने दोघींचं रडू लिहून ठेवलंय. माझा आवाज बघ ना, पत्र्यावर खिळा घासल्यासारखा झालाय. आज लाज जाणार."

"चांगला आहे," मुलगी म्हणाली. आणि मग तिच्याच कानांना परका वाटणारा तिचा प्रश्न, "तो बोटाचा भाग आठवतो तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? अजून लोक भर बाजारात माझा हात धरून बोट बघतात. हे बघ." छकुलीने करंगळी पुढे केली. पेरावर पांढुरका व्रण होता. मुलगी वाकून बघू लागली. "हा डबा उघडताना झालेला. लग्नानंतर. पण मी दाखवते लोकांना. म्हणते, हेच ते बोट. त्यांना बरं वाटतं, माझं काय जातं?"

"ते बोटाचं कुठून सुचलं होतं? लेखकांना?"

"आता काय सांगू बाई. मी तेव्हा एवढीशी. लेखक तर कधीच वारले. माईला विचारायचं होतंस." छकुलीने कपाच्या तळाशी बघितलं. "मला तर ती काही सांगायची नाही. लाल दिवा विझला की संपलं. पर्स उचलायची आणि चालू पडायची. मी मागे लागायचे, माई थांब ना, माई माझी वेणी घाल ना. ती आपली ओठांवर बोट ठेवायची, आवाज राखायचाय, आणि घड्याळ दाखवायची. घरी पोर आहे म्हणायची खुणेनं. अशी, हात एवढा उंच धरून." तिने हात बाकाच्या पाठीइतका उंच धरून दाखवला. "त्या हाताखाली तू असायचीस. मी तर तुला एकदाच पाहिलं, स्टुलावर बसलेली, डोळे हे एवढे. काय हेवा वाटायचा गं मला तुझा! म्हणायचे, हिच्याशी घरी किती बोलत असेल."

मार्गिकेच्या टोकाला कुणीतरी दार उघडून लावलं. पंख्याचं तेल टपकलं.

मुलगी त्या हाताकडे बघत राहिली. तो हात आईचा होता की छकुलीचा? छकुली नटी होती. कोणाला काय ऐकलं की बरं वाटतं, हे तिला पाठ होतं. खोटी करंगळी ती अशीच तर पुढे करायची. तो हात आईने धरलेलाही असेल. बस चुकू नये म्हणूनही आई घाई करत असेल. आणि हे खरंच मानलं, तर त्या दोघी पोरी इकडे एक आणि तिकडे एक, एकाच बंद तोंडाकडे बघत बसल्या होत्या, एवढंच झालं. यात कुणाला काय मिळालं? तिला समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी एक नवीनच कळ उठली. हेवा वाटायचा, हे छकुलीने केवढ्या सहज म्हटलं, चहा पिता पिता, अंगठीतला मळ काढता काढता. आयुष्यभर आपण दातांखाली धरलेला शब्द हिने एका घोटात बोलून टाकला. माई हिची, हुंदका हिचा, लोक हिचे, आणि आता हेवासुद्धा आधी हिचाच.

"घरी बोलायची नाही ती," मुलगी म्हणाली.

"काय सांगतेस?"

"आवाज राखायची."

छकुलीने तिच्याकडे पाहिलं. एरवी तिच्या चेहऱ्यावर सतत काहीतरी हलत असायचं, ते थांबलं. "मग बोलायची कुणाशी गं ती?" ती अगदी हळू म्हणाली, आणि तो आवाज पोरीचा नव्हता.

निर्मात्याने दोघींना आत नेलं. भिंती आता वेगळ्या होत्या, दाराची चौकट गेली होती, पण मधे मायक्रोफोन एकच. "समोरासमोर उभ्या राहा. आधी छकुलीताई, मग तुम्ही. चुकलं तरी घाबरू नका, आपण परत घेऊ." तो काचेपलीकडे गेला. लाल दिवा लागला आणि समोरच्या रुंद बाईतून ती वेण्यांची मुलगी बाहेर आली. "माई," ती म्हणाली, आणि स्वल्पविरामावर आवाज जेवढा कापायला हवा तेवढा कापला. लिहून दिलेलं तिने शेवटपर्यंत वाचलं. पण पूर्णविराम झाल्यावर तिच्या डोळ्यांतून जे पाणी यायला लागलं, ते कागदावर कुठे नव्हतं. त्याचा आवाजही येत नव्हता, म्हणजे रेडिओला त्याचा काही उपयोग नव्हता. तिने ते पुसलं नाही. ती बाजूला झाली आणि मायक्रोफोनसमोरची जागा मोकळी झाली.

मुलगी पुढे आली. आईही अशीच इथे उभी राहत असेल, पाय जरा फाकवून, कागद छातीच्या उंचीवर धरून. काचेपलीकडून निर्मात्याने बोट वर केलं. तिने कागदावर नजर टाकली. सवयीने आधी चुका शोधल्या. 'माई केवळ माझी आई नव्हती.' शुद्धलेखन ठीक होतं. विरामचिन्हं जागच्या जागी होती. एरवी अशा मजकुरावर ती सही करून तो छापायला सोडून देत असे. आणि उद्या संध्याकाळी हे वाक्य एका खिडकीत सुरू होईल आणि पुढच्या खिडकीत संपेल, बसचालक ऐकतील, बाळंतपणातल्या त्या बाई ऐकतील, सगळे मान डोलावतील, आणि आई कायमची सगळ्यांत वाटली जाईल. केवळ माझी नव्हती. कधी होती? एका दुपारी होती का? कपाटाच्या दारापाशी, वाटीतल्या पाण्यापाशी? याला पुरावा नव्हता. तो आता कुठूनच येणार नव्हता, आणि तो नसला तरी हवं असणं तिळमात्र कमी होत नव्हतं. निर्मात्याने पुन्हा बोट वर केलं. छकुली ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. तिला ऐकू द्यावं, मुलीच्या मनात आलं. सगळ्यांना ऐकू द्यावं. तिने कागद खाली ठेवला. तोंड उघडलं तेव्हा आवाज फुटेल की नाही याचा तिला भरवसा नव्हता, इतका तो न वापरलेला होता.

"आई," ती म्हणाली. "मला तू हवी होतीस. मला एकटीला."